जुन्या जीपची आतली बाजू: पाणी येणारच, ते थांबू देऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची १९७२ची महिंद्रा सीजे-३बी, पेट्रोल, उंच बॉनेटवाली. पुण्यातल्या धायरीच्या शेडमध्ये बरीच वर्षं उभी होती. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कुजलाय, सीट फाटून काथ्या बाहेर आलाय, डॅशबोर्डला कुणीतरी स्टिरिओसाठी चौकोनी खिंडार पाडलंय आणि वायरिंग म्हणजे काळ्या टेपचा गुंता आहे. गॅरेजवाले म्हणतात, फ्लोअरवर चेकर प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा जाड पत्रा, ठोकू, वर कार्पेट टाकू, सीटना डायमंड शिलाईचं रेक्झिन करू, पंधरा दिवसांत गाडी नवी. हे करावं का, आणि नसेल करायचं तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय.

हे करू नका. आणि का करू नका ते नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच एका कारणावरून घ्यायचे आहेत.

बंद कारला आत आणि बाहेर असे दोन भाग असतात. जीपला तसे नसतात. विंडस्क्रीनची फ्रेम जिथे बॉनेटमागच्या पत्र्यावर टेकते तिथून पाणी आत येतं, कॅनव्हासच्या बाजूंमधून येतं, गिअरच्या दांड्यांच्या फाटक्या रबरातून खालून उडतं, बुटांबरोबर येतं. जुलैत ताम्हिणीतून एकदा जाऊन या, फ्लोअरवर पाणी दिसेलच. तेव्हा पाणी येऊ नये म्हणून धडपडण्यापेक्षा आलेलं पाणी कुठून बाहेर जाईल आणि खालचा पत्रा मला उघडून बघता येईल का, हे दोन प्रश्न प्रत्येक कामाला विचारायचे. चेकर प्लेट या दोन्ही प्रश्नांत नापास होते. कुजलेल्या पत्र्यावर ती ठोकणं म्हणजे चिघळलेली जखम न धुता वर पट्टी बांधणं. दोन पत्र्यांच्या मधे पाणी अडकतं, वरून काहीच दिसत नाही आणि खालच्या आडव्या पट्ट्या गळून पडेपर्यंत पत्ता लागत नाही. त्यावर कार्पेट टाकलं की ते पाणी वाळतही नाही.

चेकर प्लेटचा आणखी एक धोका आहे, तो मला जास्त गंभीर वाटतो. या गाडीचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर फ्लोअरच्या खाली आहे आणि त्यात ब्रेक ऑइल घालायला ड्रायव्हरच्या पायाजवळच्या पत्र्यात एक छोटं झाकण आहे. प्लेट ठोकणारे बऱ्याचदा हे झाकण खाली दाबून टाकतात. मग ऑइलची पातळी बघायलाच कुणी जात नाही. तुमच्या गाडीत ते झाकण कुठे आहे ते आजच शोधा, आणि ते मोकळं राहील हे पत्र्याचं काम करणाऱ्याला स्वतः उभं राहून सांगा.

आता सुरुवात. गाडी खोलण्याआधी फोटो काढा, खूप काढा. प्रत्येक स्क्रू, वॉशर, क्लिप वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर मार्करने नाव. कुजलेली वस्तूसुद्धा काम पूर्ण होईपर्यंत टाकायची नाही, कारण तीच तुमचा नमुना आहे. फ्लोअरचा सडलेला तुकडा हातात असला तर डेंटरला त्यावरच्या वळ्या, भोकं, कडा सगळं मापता येतं. तो भंगारात गेला की अंदाजपंचे काम सुरू होतं.

नट-बोल्टांकडे विशेष लक्ष द्या. ही गाडी मूळची विलीज या अमेरिकन जीप कंपनीच्या आराखड्यावरची, त्यामुळे तिचे आटे इंचाचे आहेत. हार्डवेअरच्या दुकानात तुम्हाला सहज मिळतो तो मेट्रिक बोल्ट. ८ मिमीचा बोल्ट ५/१६ इंचाच्या भोकात दोन फेरे जातो, मग अडतो, आणि मेकॅनिक पान्याने रेटतो. आटे गेले. सीटच्या आणि सीटबेल्टच्या बोल्टांना हे झालं तर ते नुसतं नुकसान नाही, धोका आहे. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत आणि नाना पेठेतल्या स्पेअर पार्टवाल्यांकडे जुना बोल्ट सोबत नेऊन जुळवून घ्या. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथेही अधूनमधून जुने मीटर, हँडल, आरशाचे ब्रॅकेट हाताला लागतात. घाईत असाल तर तिथे काही मिळत नाही. दर आठवड्याला चक्कर मारणाऱ्याला मिळतं.

डॅशबोर्डवरच्या माहितीच्या पाट्या, म्हणजे गिअरच्या जागा दाखवणारी, वेगमर्यादेची, चासी नंबरची, काढताना रिव्हेट ग्राइंडरने उडवू नका. बारीक ड्रिलने डोकं खोलवा आणि पाटी अलगद उचला. साफ करायला फक्त पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड. पितळ चकाकवायची पेस्ट लावली तर दोन मिनिटांत अक्षरं जातात, कारण बऱ्याच पाट्यांवरचा काळा रंग हा वरचा पातळ थर असतो. फिकट पण वाचता येणारी मूळ पाटी ही नव्या चकचकीत नकलेपेक्षा केव्हाही मोलाची.

पत्र्याच्या कामाआधी पेट्रोलची टाकी बाहेर. सीजे-३बीची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणजे तुमच्या कुजलेल्या पत्र्याला लागूनच. रिकामी टाकी सुरक्षित असते हा समज जीवघेणा आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. टाकी खोलून, तोंड उघडं ठेवून, वेल्डिंगच्या जागेपासून लांब, मोकळ्या हवेत ठेवा. टाकीलाच भोक असेल तर ती रोजच्या वेल्डरकडे देऊ नका, टाक्यांचंच काम करणाऱ्याकडे द्या. बॅटरीही काढून ठेवा. टाकी जिथे बसते तो खोलगट भाग नीट बघा. तिथे चिखल साठतो, पट्ट्यांखालची जाड कापडी पट्टी पाणी धरून ठेवते, आणि तळाचं निचऱ्याचं भोक बहुतेक गाड्यांत बुजलेलं असतं.

मग फ्लोअर. गोल डोक्याची हलकी हातोडी घ्या आणि फ्लोअरवर इंच-इंच अंतराने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. जिथे बद्द वाजेल तिथे जाड स्क्रूड्रायव्हरने टोचा. शिरला तर तो भाग गेला. वरून तळहाताएवढं भोक दिसत असेल तर खालून त्याच्या तिप्पट खराबी निघणार असं धरून चला. खाली टोपीच्या आकाराच्या आडव्या पट्ट्या आहेत, त्यांना हॅट चॅनेल म्हणतात. युद्धकाळातल्या जीपमध्ये या चॅनेलच्या आत लाकडी ठोकळे घातलेले असायचे. ते पाणी शोषून बसत आणि पत्रा आतून खात. तुमच्या चॅनेलमध्ये लाकूड नसलं तरी माती नक्की असेल. फ्लोअर बदलून चॅनेल तसेच ठेवले तर काम अर्धवट राहतं. टबचे, म्हणजे जीपच्या उघड्या बॉडीचे, बोल्ट या भागातूनच चासीवर येतात, सगळं वजन तिथेच आहे.

कापायच्या आधी टबला आतून आधार द्या. एका बाजूच्या उंबऱ्यापासून दुसऱ्या बाजूपर्यंत अँगल आडवा टाका, दोन्ही कोपऱ्यांतून तिरके अँगल टाका, वेल्डिंगचे टाके मारून घट्ट करा. टब चासीवरच बोल्टने बसलेला असू द्या. हे न करता अख्खं फ्लोअर कापलं तर बाजूचे पत्रे दोन-चार मिलिमीटर सरकतात आणि नंतर विंडस्क्रीन बसत नाही, वरच्या कॅनव्हासच्या टपाची फ्रेम बसत नाही, कुणालाच कळत नाही का.

पत्रा सीआरसीएचा, म्हणजे थंड लाटलेल्या साध्या पोलादाचा, घ्या, १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिमी. जाड पत्रा चांगला असं सगळे सांगतील. पण जाड पत्रा जुन्या पातळ कडेला जोडताना उष्णता सगळी जुन्या बाजूला जाते, भोकं पडतात, आणि वळ्या नीट उठत नाहीत. मूळ फ्लोअरची ताकद त्या वळ्यांतच आहे. गॅल्व्हनाइज्ड पत्रा टाळा. त्याच्या जस्ताचा धूर वेल्डरच्या छातीत जातो आणि टाकाही स्वच्छ लागत नाही. वेल्डिंग सीओटूने करा, एका दमात लांब शिवण नको. इकडे एक टाका, तिकडे एक टाका, मधे थंड होऊ द्यायचं. जोड शक्यतो कडेला कड लावून करावा. एकावर एक चढवलेला जोड करावाच लागला तर दोन्ही बाजूंनी सीलर भरा. मूळ निचऱ्याची भोकं नव्या फ्लोअरमध्ये त्याच जागी पाडा आणि त्यांना रबरी बुचं बसवा. हे काम विसरलं तर आधीची सगळी मेहनत पाण्यात.

गंज काढायला वाळूचा मारा सुचवतील. सीटच्या पाइप-फ्रेमला, ब्रॅकेटना तो उत्तम. टबच्या मोठ्या सपाट पत्र्यांना नको, पत्रा लाटा मारतो आणि मग ते सरळ करायला पुट्टीचे थर चढतात. तिथे वायरचा ब्रश आणि धीर. जुना रंग कोरडा घासू नका. त्या काळच्या रंगांत शिसं असण्याची शक्यता मोठी आहे. ओला कागद वापरा, चांगला मास्क लावा, लहान मुलांना शेडमध्ये येऊ देऊ नका. जुन्या ब्रेक लायनिंगच्या आणि गॅस्केटच्या धुळीलाही हेच लागू, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, हवेच्या नळीने ती कधीच उडवायची नाही.

रंगाबद्दल एकच आग्रह. रेड ऑक्साइड प्रायमर मारून गाडी महिनाभर उभी ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे. तो प्रायमर पाणी अडवत नाही, शोषतो. खालून पुन्हा गंज सुरू होतो. उघड्या पत्र्यावर दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर, मग जोडांना सीलर, मग रंग. गंज बदलणारं आम्ल वापरलं असेल तर ते धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर एपॉक्सी नीट धरत नाही. चॅनेलच्या आत, जिथे ब्रश पोचत नाही, तिथे नळीने गंजरोधक मेण फवारा. डांबरी अंडरकोट मात्र गंजावर मारू नका. तो वरून छान दिसतो, आत पाणी कोंडतो.

डॅशबोर्डचं खिंडार बुजवता येतं. त्याच जाडीचा पत्रा कापून तंतोतंत बसवा, कागदाच्या जाडीइतकीच फट ठेवा, टाके लांब-लांब मारा, प्रत्येक टाक्यानंतर ओलं फडकं टेकवा. डॅशबोर्ड सपाट आहे, उष्णतेने लगेच वाकतो, म्हणून हे काम तुमच्या भागातल्या सगळ्यात शांत वेल्डरला द्या. गाणी ऐकायची असतील तर सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत छोटा अँप्लिफायर ठेवा. पत्रा पुन्हा कापू नका.

स्टिअरिंगच्या चाकाला भेगा असतील तर चाक टाकू नका. आत स्टीलचा गाभा असतो, वरचं कठीण आवरण तेवढं तडकतं. भेग तिकोनी कानसीने रुंद करा, तेल-ग्रीस पूर्ण काढा, सावकाश आळणारा एपॉक्सी थोडा जास्तच भरा, दुसऱ्या दिवशी घासून गोलाई आणा. लवकर आळणारा वापरलात तर तो सहसा कमी मजबूत असतो आणि उन्हात पुन्हा भेग दिसू शकते.

वायरिंगबाबत माझं मत स्पष्ट आहे. दुरुस्ती नको, पूर्ण नवा हार्नेस, म्हणजे गाडीच्या सगळ्या वायरांचा जुडगा. कापडी वेणीची जुनी वायर हातात धरून वाकवली आणि वरचं आवरण चुरमडलं तर आतलं तांबंही काळं पडलेलं असतं. पेट्रोलची टाकी सीटखाली असलेल्या गाडीत अशी वायर ठेवणं मला मान्य नाही. आधी गाडी किती व्होल्टची आहे ते बघा. युद्धकाळातल्या विलीज एमबी ६ व्होल्टच्या होत्या, नंतरच्या आपल्याकडच्या गाड्या १२ व्होल्टवर आल्या. ६ व्होल्टचा मीटर १२ व्होल्टला जोडला तर तो जळतो.

हिशोब साधा आहे. वॉट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. ५५ वॉटचा एक दिवा १२ व्होल्टवर साडेचार-पावणेपाच अँपिअर घेतो, दोन मिळून नऊच्या वर. एवढा करंट डॅशबोर्डच्या जुन्या स्विचमधून नेऊ नका. हेडलाइटला रिले, म्हणजे बारीक करंटने चालणारा वेगळा स्विच, घाला, स्विचवर फक्त रिलेची बारीक वायर येऊ द्या. मुख्य वायर २.५ चौरस मिमीची. प्रत्येक सर्किटला वेगळा फ्यूज, फ्यूजची पेटी फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर, उंच, पाणी टेकणार नाही अशी. मूळ गाडीत फ्यूज जवळजवळ नव्हतेच. इथे मूळ ठेवण्याचा हट्ट धरू नका, हा बदल बाहेरून दिसत नाही आणि तो आग टाळतो. वायरच्या टोकाला धातूचं थिंबल दाबून बसवा, नुसती वायर पिळून टेप मारू देऊ नका. पत्र्यातून वायर जाते त्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट हवाच.

नव्या रंगानंतर सगळ्यात जास्त छळतो तो अर्थ (अर्थिंग), म्हणजे पत्र्यातून करंट बॅटरीकडे परतायची वाट. टब चासीवर रबराच्या गाद्यांवर बसतो आणि तुम्ही तर दोन्ही बाजूंना एपॉक्सी मारलाय. मग करंट परतणार कुठून? दिवे मंद, हॉर्न दबका, मीटर वेडावाकडा. इंजिन ते चासी आणि चासी ते टब अशा दोन जाड वेणीच्या पट्ट्या द्या, टेकण्याच्या जागी रंग खरवडा, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावा. तपासायचं असं: दिवा चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक दिव्याच्या बॉडीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब. पेट्रोलच्या काट्याचंही दुखणं बऱ्याचदा हेच असतं. टाकीतला फ्लोट टाकीच्या पत्र्यातूनच अर्थ घेतो. टाकी रंगवून रबरावर बसवली की काटा मरतो आणि लोक मीटर बदलतात. फ्लोटच्या युनिटच्या स्क्रूखालून एक वेगळी अर्थ वायर ओढा, मग निर्णय घ्या.

अँपिअर मीटर असेल तर त्याच्या मागचे दोन नट हाताने हलवून बघा. स्टार्टर सोडला तर गाडीचा जवळजवळ सगळा करंट त्यातून जातो. नट सैल असला तर तिथेच तापतं, आणि ते ठिकाण डॅशबोर्डच्या मागे, वायरच्या गर्दीत. नंतर मोठा अल्टरनेटर बसवला असेल तर मूळ अँपिअर मीटर फक्त शोभेला ठेवा आणि व्होल्टमीटर जोडा. मीटरच्या तबकडीला थिनरचा बोळा लावू नका, आकडे पुसले जातात. स्पीडोमीटरच्या केबलला ऑइल नको, थोडं पातळ ग्रीस फक्त खालच्या भागाला. ऑइल वर चढून मीटरच्या डोक्यात जातं आणि काटा चिकटतो.

आता सीट. माझ्या मते जीपचं चारित्र्य सीटवरून कळतं, त्यामुळे इथे थोडा वेळ घेतो.

जुनं कव्हर फाडून काढू नका, उसवा. एकेक टाका ब्लेडने कापा आणि प्रत्येक तुकड्यावर खडूने लिहा: पाठ, बसणं, डावी कड, समोरची पट्टी. शिवणीच्या दोन्ही बाजूंना जुळणीच्या खुणा करा. हे तुकडे इस्त्री करून सपाट केले की कुशनवाल्याला तयार नमुना मिळतो. कव्हर निघालं की आत गोणपाट, काथ्याची गादी आणि खाली स्प्रिंगा असा क्रम दिसेल. काथ्यावर काळी बुरशी आली असेल तर टाका, धुऊन उपयोग नाही. स्प्रिंगा सहसा वाचतात. मोडलेली एखादी बदला, सगळ्यांना एपॉक्सी मारा, आणि स्प्रिंग व फोम यांच्यामध्ये गोणपाट किंवा जाड फेल्ट द्यायला विसरू देऊ नका. ते नसलं की तार वर्षभरात फोम खाऊन वर येते.

पाइपची फ्रेम खालच्या वळणावर आतून कुजते, कारण पाणी पाइपात शिरतं आणि तिथे बसतं. सगळ्यात खालच्या जागी ५ मिमीचं एक भोक पाडा. पाइप उलटा करून हलवला आणि गंजाचे खवले पडले, तर तेवढा तुकडा कापून नवा घाला. मगच रंग.

फोमला घनतेचा आकडा असतो. दुकानात ३२ आणि ४० सर्रास मिळतात. ४०चा घ्या, ३२ची बैठक लवकर दबते. उघड्या जीपसाठी मी खालचा इंचभर थर बंद पेशींच्या फोमचा देतो, म्हणजे जो पाणी पीत नाही तो, आणि वर ४०चा. फोमला प्लॅस्टिक गुंडाळायची पद्धत मला पटत नाही. शिवणीतून पाणी आत जातंच आणि प्लॅस्टिकमुळे बाहेर येत नाही. त्यापेक्षा कव्हरच्या खालच्या बाजूला चार पितळी आयलेट ठोका. सीट भिजली तर उन्हात उभी करून ठेवा, निथळते.

जाडी मूळ इतकीच ठेवा. कुशनवाला प्रेमाने म्हणेल, साहेब दोन इंच जास्त टाकतो, मऊ बसेल. या गाडीत स्टिअरिंग जवळ आहे आणि विंडस्क्रीन बुटकी आहे. दोन इंच वर बसलात की मांड्या चाकाला घासतात आणि डोळे काचेच्या वरच्या फ्रेमसमोर येतात. फोम कापला की शिवायच्या आधी सीट गाडीत ठेवून, बूट घालून बसा, क्लच पूर्ण दाबा, चाक दोन्हीकडे फिरवा. शिवल्यावर हे करून उपयोग नाही.

कापड म्हणून जाड कॅनव्हास किंवा विणलेल्या पाठीचं, उन्हात न तडकणारं साधं रेक्झिन. लेदर या गाडीत एक पावसाळा काढत नाही. डायमंड शिलाईला माझा विरोध दिसण्यापुरता नाही. प्रत्येक शिलाई म्हणजे शेकडो छिद्रं, आणि ती बरोबर बसायच्या जागी. मूळ सीटवर शिवणी कडेला आहेत, वरचा भाग सलग आहे, त्याला कारण आहे. दोरा पॉलिएस्टरचा जाड, टाके थोडे लांब. बारीक टाक्यांनी रेक्झिनला छिद्रांची ओळ पडते आणि ते तिथूनच फाटतं. कडेचं पायपिंग त्याच कापडाचं, उघड्या कडेवर रगडलं जाणारं तेच असतं.

शेजारच्या सीटची पुढे उलटायची सोय शाबूत ठेवा, खाली हत्यारांची पेटी आहे. आणि सीटबेल्ट लावा. मूळ गाडीत नव्हते हे मान्य, पण घरच्यांना घेऊन फिरणार असाल तर निदान कमरेचे हवेतच. त्यांचे बोल्ट नुसत्या फ्लोअरच्या पत्र्यात नकोत. खालून किमान ३ मिमी जाडीची, तळहाताएवढी पट्टी वेल्ड करून त्यात घ्या, शक्य तिथे चासीशी जोडलेल्या भागात. पत्र्याचं काम चालू असतानाच हे सांगितलं नाही तर रंगानंतर पुन्हा वेल्डिंग करावं लागतं.

फ्लोअरवर सुटी रबरी मॅट. चिकटवायची नाही. संध्याकाळी उचलून बोनटवर टाकता आली पाहिजे. गिअरची एक आणि फोर-व्हीलच्या दोन अशा तिन्ही दांड्यांची रबरी बूटं नवी घ्या, आणि पेडलचे दांडे पत्र्यातून जातात तिथल्या रबराच्या किंवा फेल्टच्या चकत्याही. गिअरबॉक्सवरच्या झाकणाखाली पातळ रबराची पट्टी द्या. तुम्हाला जो आवाज आणि उष्णता कार्पेटने थांबवायची होती, त्यातली मोठी इथूनच येते.

किती मूळ ठेवावं, याला कागदाचीही बाजू आहे. २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी, मूळ स्वरूपात हवी, आणि चासी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, फेरनोंदणीला ५,००० रुपये. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन आणि इंधन-देखभालीपुरतीच. तुम्हाला रविवारी पानशेतला जायचं असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा आणि मुदत संपण्याआधी संगम पुलाजवळच्या आरटीओत नूतनीकरण करा. तरीही टब कापून-वाढवून वेगळा करू नका, म्हणजे पुढे कधी मुलांना व्हिंटेज नोंदणी करायची झाली तर दार उघडं राहील.

काम उक्तं एकालाच देऊ नका. पत्रा, वायरिंग आणि कुशन ही तीन वेगळ्या हातांची कामं आहेत, तिघांचे पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि रंग मारायच्या आधी प्रत्येक जोड स्वतः बघा. पुण्याच्या हवेत पत्रा आणि रंग दिवाळीनंतर सुरू करून मेच्या आत संपवावा. त्यानंतर दमट हवेत एपॉक्सी खाली ओल कोंडतो. वायरिंग आणि सीट पावसात शेडमध्ये निवांत होतात.

टप अगदी शेवटी. त्याचं माप जुन्या टपावरून देऊ नका, तो आकसलेला असतो. लोखंडी फ्रेम आणि विंडस्क्रीन पक्की बसवल्यावर गाडीवरच माप घ्यायला लावा. सुती कॅनव्हास घेतलात तर पहिल्या पावसात शिवणीतून थेंब येतील, घाबरू नका. धागे भिजून फुगले की छिद्रं बरीचशी मिटतात, म्हणून पावसाळ्याआधीच दोन-तीनदा पाइपने भिजवून पूर्ण वाळवा. या भिजण्यात कापड थोडं आकसतं, तेव्हा पट्टे पहिल्याच दिवशी शेवटच्या भोकापर्यंत ओढून ठेवू नका. ओला टप गुंडाळून ठेवला तर बुरशी धरते, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

तुमच्या गाडीत फ्लोअर वाचणार की चॅनेलसकट जाणार, हे हातोडी फिरवल्याशिवाय सांगता येणार नाही. टाकी आणि सीट काढून खालून चार कोपऱ्यांचे आणि मधल्या चॅनेलचे फोटो पाठवा, कुठून कापायचं ते खुणा करून सांगतो.